बत्तीस सेकंदं

यातला एकही शब्द पदरचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांनी जसं सांगितलं तसंच मी सांगणार आहे. शेवटचा भाग तर मी तिथे बसून पाहिलाय.

रात्रीची गोष्ट असेल असं वाटत असेल, तर नाही.

भर दुपार होती. बुधवार. सव्वातीन वाजले होते. रस्त्यावर लख्ख ऊन, समोरचा किल्लीवाला कानस घेऊन किल्ली घासत बसलेला. आणि मेहुणे आपल्या दुकानात कॉम्प्युटरसमोर.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लग्नं, वाढदिवस, निवृत्तीचे समारंभ शूट करायचे, कापायचे, जोडायचे आणि डिस्कवर उतरवून द्यायचे. तीस वर्षं हाच धंदा. कानावर कायम हेडफोन. जेवायला बसले तरी एक कान झाकलेला.

माझी बहीण कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. ती नेहमी म्हणायची, "माझ्या वर्गातली मुलं यांच्यापेक्षा बरं ऐकतात."

तेव्हा आम्ही सगळे हसायचो. मेहुणेही हसायचे. म्हणजे आम्ही हसतोय हे बघून हसायचे.

दुकानामागे एक लहान खोली आहे. तिथे फिकट निळ्या भिंतीसमोर खुर्ची टाकून धाकटी कॅमेऱ्यासमोर बसायची आणि खुणांच्या भाषेत गोष्टी सांगायची. आपल्या मुलांसाठी. संध्याकाळी शाळेतून आली, चहा झाला, की दार लोटून घ्यायची. दोन वर्षांत एक्केचाळीस गोष्टी झाल्या.

"या सगळ्या एका डिस्कवर बसवून द्या ना," ती मागे लागायची. "मुलं सुट्टीत घरी जातात. तिथे कुणालाच खुणा येत नाहीत. दोन महिने बिचारी नुसती बघत बसतात."

"बघू. एवढा सीझन संपू दे."

तो सीझन संपला. त्याच्यानंतरचाही संपला.

मग धाकटी संपली.

फुप्फुसाचा आजार. डॉक्टर एवढंच म्हणाले, फार उशिरा आलात.

तिला जाऊन आठ महिने झाले तेव्हाची ही गोष्ट. शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. शनिवारी सुट्टी लागतेय, बावीस मुलं घरी जाणार आहेत, त्यांच्या बाईंनी कबूल केलेली डिस्क मिळेल का.

"प्रत्येक मुलाला एकच हवी का?" मेहुण्यांनी विचारलं. "पाच दिल्या तर गोष्टी छान दिसतील."

"पाच दिल्या तर चार हरवतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि मुलाची आवडती गोष्ट नेमकी हरवलेल्या डिस्कवर असते. ते कुणाला सांगणार? घरी कुणाला त्याचं कळतच नाही. एकच द्या."

मेहुणे हो म्हणाले. या खेपेला बघू म्हणाले नाहीत.

आता डिस्कचं गणित जरा समजून घ्या. फार सोपं आहे.

एका डिस्कवर चांगल्या प्रतीचं चित्र साधारण दोन तास मावतं. धाकटीच्या गोष्टी होत्या नऊ तास चाळीस मिनिटांच्या. म्हणजे दाबून बसवायला हव्यात. कॉम्प्युटर हे कसं करतो? तो प्रत्येक चित्र नव्याने लिहीत नाही. आधीच्या चित्रात आणि आताच्या चित्रात काय हललं, तेवढंच लिहून ठेवतो. मागची भिंत हलत नाही, तिला जागा लागत नाही. हात सतत हलतात, त्यांना भरपूर लागते.

"भिंत फुकट, बोटं महाग," मेहुणे म्हणायचे.

जागा कमी पडली की चित्र फुटतं. चौकोन चौकोन दिसतात. लग्नात नवऱ्याच्या हाराचे चौकोन झाले तर कुणाचं काही बिघडत नाही. पण खुणांच्या भाषेत एक बोट वाकलं की शब्द बदलतो. पाच बोटांचा एक गोळा झाला, तर मुलांसाठी बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारख्या.

म्हणून नको असलेला भाग शोधून कापायचा होता.

मेहुण्यांच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी एक आयती सोय होती. शूटिंगमध्ये जिथे काहीच आवाज नाही, अशा रिकाम्या जागा ती आपोआप हेरून कापून टाकायची. तीस वर्षांची सवय. बोट तिथेच गेलं.

दहा-बारा मिनिटांनी काम झाल्याची खूण आली.

नऊ तास चाळीस मिनिटांतून उरलं होतं... अकरा मिनिटं वीस सेकंदं.

क्षणभर त्यांना कळेना. मग कळलं, आणि ते मोठ्याने हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. अहो, गोष्टी सगळ्या हातांनी सांगितलेल्या. कॉम्प्युटरने शांत भाग काढायचा म्हणून सगळ्या गोष्टीच काढून टाकल्या होत्या. ती असती तर म्हणाली असती, "धन्य आहे तुमची. मुक्या गोष्टीतून शांतता वेचायला निघालात."

मूळ फाइल शाबूत होती. काळजी नव्हती.

मग या अकरा मिनिटांत उरलंय तरी काय?

त्यांनी हेडफोन लावले आणि सुरू केलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज. रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा. दूर कुठेतरी कुत्रं.

मग खोकला.

खुर्ची. कुणाचं तरी दार. खोकला.

गोष्टी तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. पहिल्या दहा गोष्टींत मिळून खोकला दोनदा. पुढच्या दहांत अकरा वेळा. पंचविसाव्या गोष्टीपासून दुसरं काही उरलंच नव्हतं.

दोन वर्षांचा खोकला कॉम्प्युटरने वेचून, एकापुढे एक लावून, त्यांच्या कानात घातला होता.

आणि मधूनच तिचा आवाज.

"अहो... जरा पाणी देता का?"

चित्रात ती दाराकडे बघायची. थांबायची. परत कॅमेऱ्याकडे वळायची आणि हात उचलून गोष्ट पुढे न्यायची.

अशी हाक सात वेळा होती. मेहुण्यांनी मोजली. सातही वेळा दार लोटलेलं होतं. सातही वेळा पलीकडे हेडफोन लावून ते कुणाच्या तरी लग्नातले रिकामे क्षण कापत होते.

त्यांनी ती अकरा मिनिटांची फाइल पुसून टाकली. सहनच होईना.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि ते उठून बसले. घरात ढीगभर फाइली, पण धाकटीचा आवाज कुठेच नव्हता. समारंभांच्या शूटिंगमध्ये ती दिसायची, पण वर गाणं टाकलेलं. गोष्टींमध्ये ती मुकी. तिचा आवाज म्हणून जगात उरला होता तो त्या सात हाकांत. आणि वेचून हाती आलेल्या त्याच हाका त्यांनी पुसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्यांनी मूळ फाइलवर तीच सोय पुन्हा चालवली. तीच फाइल. तीच मोजमापं.

या वेळी उरलं... अकरा मिनिटं बावन्न सेकंदं.

बत्तीस सेकंदं जास्त.

हे होऊच शकत नाही, ते मला म्हणाले. ही सोय फक्त कापते. जोडत नाही. एकाच कापडातून एकच तुकडा दोनदा कापलात, तर दुसऱ्यांदा तो वाढेल कसा?

त्यांनी ऐकलं. खुर्ची. भोंगा. कुत्रं. खोकला. हाका मोजत गेले. पाच, सहा, सात.

मग... आठवी.

अडतिसाव्या गोष्टीतली. सावली हरवलेल्या बदकाची. तिथे आदल्या दिवशी काहीच नव्हतं.

"अहो."

एवढंच. मग बराच वेळ काही नाही. नुसता श्वास. ओढून घेतलेला.

"अहो... ऐकताय ना?"

मेहुण्यांनी चित्र थांबवलं. कारण पहिल्या सात वेळा ती दाराकडे बघत होती. या वेळी ती दाराकडे बघत नव्हती.

ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

त्यांनी मूळ फाइल उघडली. अडतिसावी गोष्ट. तीच जागा. तिथे धाकटी हातांनी बदकाची चोच करून हसत होती. ओठ मिटलेले. आवाजाची रेघ पार सपाट. टाचणी पडल्याइतकासुद्धा उठाव नाही.

कापलेल्या तुकड्यात मात्र ती थांबली होती. हात मांडीवर. वाट बघत.

"आलो," मेहुणे म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. हेडफोन काढून टेबलावर ठेवला, स्वयंपाकघरात गेले, पेला भरला आणि लोटलेलं दार ढकलून मागच्या खोलीत गेले.

फिकट निळी भिंत. रिकामी खुर्ची.

पेला हातात धरून ते उभे राहिले. कुणाला द्यायचा ते कळेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी पेला खुर्चीवर ठेवला आणि तिथेच भिंतीशी बसून लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा डोळे सुजलेलेच होते. सगळं सांगितलं. मला वाटलं, माणूस झोपला नाही, जेवला नाही, त्याला काय काय ऐकू येईल.

"दादा, तुम्ही स्वतः ऐका," ते म्हणाले. "म्हणजे मला वेड लागलंय का ते तरी कळेल."

माझ्यासमोर त्यांनी ती सोय तिसऱ्यांदा चालवली. मी हेडफोन लावले.

बहिणीचा आवाज आठ महिन्यांनी ऐकला. कसं वाटलं ते इथे लिहीत नाही.

हाका मात्र मोजल्या. सात. वेळ, अकरा मिनिटं वीस सेकंदं.

"सातच आहेत, मेहुणे."

त्यांनी सकाळची फाइल शोधली, तर तीही अकरा वीसचीच.

"मग आठवी मला एकट्यालाच होती," ते म्हणाले.

त्यानंतर ते कामाला भिडले ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत. सुरुवातीची खुर्ची सरकवणं कापलं, शेवटी उठून कॅमेरा बंद करणं कापलं, चित्राचा आकार निम्मा केला. तरी बोटं थोडी फुटत होती. मग त्यांनी डिस्कवरून आवाज साफ काढून टाकला.

मी बघतच राहिलो. "आवाज काढताय?"

"मुलांना त्याचा काय उपयोग, दादा? पाचवा हिस्सा जागा आवाज खातोय. ती बोटांना देतो."

आणि बोटं स्वच्छ झाली. नखंसुद्धा दिसायला लागली. डिस्क काठोकाठ भरली. जेमतेम पाच सेकंदांची जागा उरली, असं त्यांनी मला मुद्दाम दाखवलं.

शनिवारी दहा वाजता आम्ही शाळेत पोचलो. लांबट वर्ग, भिंतीला टीव्ही, सतरंजीवर बावीस मुलं. सहा वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची. मेहुणे मागे दाराशी बाकावर बसले. मी त्यांच्या शेजारी.

पहिली कोणती गोष्ट लावायची, असं मोठ्या बाईंनी खुणेने विचारलं. बावीस हातांच्या बावीस चोची झाल्या.

बदकाची.

मेहुण्यांनी माझं मनगट धरलं.

पडद्यावर धाकटी आली. बाई दिसल्याबरोबर दोन लहानग्यांनी टीव्हीला हात लावून पाहिला. मग सगळी मुलं अशी रंगली की काय सांगू. बदक सावली शोधायला निघालं की ती खुसखुसायची, तळ्यात डोकावलं की आपणही वाकायची. एकही मूल डोळे बारीक करून बघत नव्हतं. बोटं स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, साधलं. तिचं काम झालं.

आणि मग...

हसणं थांबलं.

बावीसच्या बावीस माना एकदम मागे वळल्या.

मुलं आमच्याकडे बघत होती. आमच्याकडे म्हणजे मेहुण्यांकडे.

एकाने दोन्ही तळवे आपल्या कानांवर ठेवले. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. कानांवर तळवे, आणि नजर मेहुण्यांवर.

"हे काय करतायत?" मेहुण्यांनी विचारलं.

मोठ्या बाई जवळ आल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मुलं प्रत्येकाला खुणेचं एक नाव ठेवतात. हे तुमचं. कान झाकलेला माणूस. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या शाळेत त्यांचं एक नाव होतं, आणि त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही.

"पण आत्ता का?"

"बाईंनी गोष्ट मधेच थांबवली," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचं नाव घेतलं. मग पाणी म्हणाल्या. पुढे आणखी काही होतं, पण ही सगळी वळली, मधे उभी राहिली, मला नीट दिसलं नाही. हे तुम्ही तसंच राहू दिलंत होय?"

मी तर पडद्याकडेच बघत होतो. मला दिसले ते नुसते हलणारे हात. बदक कुठलं आणि पाणी कुठलं, मला काय कळणार.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोर उठली. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन सरळ मेहुण्यांपाशी आली. बाटली त्यांच्या हातात दिली, टीव्हीकडे बोट केलं, आणि मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत राहिली. काय म्हणत होती, त्याला कुणी दुभाष्या लागला नाही.

जाताना मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, "डिस्क देऊ ना मुलांना? की तेवढं काढून नवीन करता?"

"द्या," मेहुणे म्हणाले. "माझ्यापायी त्यांच्या गोष्टी अजून नका अडवू."

बावीस डिस्क बावीस घरी गेल्या.

घरी येऊन आम्ही मूळ फाइल पाहिली. बदक सावली शोधतं, तळ्यात बघतं, सावली सापडते, गोष्ट संपते. हात एकदाही कानांकडे जात नाहीत. मग घरची प्रत लावून, सुरुवातीचं-शेवटचं कापलेलं धरून, वेळ मोजली. तीच गोष्ट, त्याच फाइलमधून उतरवलेली.

बत्तीस सेकंदं जास्त.

जिथे पाच सेकंदांपलीकडे जागा नव्हती, तिथे.

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. मेहुणे दर मंगळवारी शाळेत जातात. शिकवायला नाही, शिकायला. पहिलीच्या वर्गात, लहानग्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसतात. ती पाण्याची बाटलीवाली त्यांच्या बाकावरच आहे. त्यांची बोटं चुकली की ती हातावर टिचकी मारते.

"मोठ्या बाईंना डिस्क दाखवा आणि एकदाचं विचारून टाका," मी म्हणालो होतो.

"नको. ती माझ्याशी बोलतेय. ते दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू?"

मागच्या महिन्यात गेलो, तर दुकानात अंधारून आलं तरी दिवा लावलेला नव्हता. टीव्हीवर धाकटी थांबवून ठेवलेली. मेहुणे आपल्याच हातांकडे बघत होते.

"चार शब्द लागले, दादा," ते म्हणाले. "माझं नाव. मग पाणी. मग मिळालं. पाणी मागत नाहीये ती. मिळालं म्हणतेय."

"आणि चौथा?"

"आता."

"आता काय?"

"पाचव्यापाशी अडलोय. शेवटी मोठ्या बाईंना तेवढीच खूण करून दाखवली. त्या म्हणाल्या, अशी खूणच नाही. पुस्तकात नाही, आमच्या शाळेत नाही, कधी पाहिलेली नाही."

त्यांनी ती मला करून दाखवली. दोन्ही हात पुढे, तळवे वर, आणि मग बोटं हळूहळू आत मिटत जातात. साधीच होती. पण मला ती पुन्हा बघावीशी वाटली नाही.

"मग बाकावरच्या पोरीला विचारलं," मेहुणे म्हणाले. "ती ओळखते. बघितल्याबरोबर मान हलवली."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, हे आपल्याला अजून नाही. पुढच्या वर्गात शिकवतात."

एवढं सांगून ते पुन्हा टीव्हीकडे वळले.

पुढचा वर्ग येत्या सोमवारी सुरू होतोय. मेहुण्यांनी नाव घातलंय. जाऊ नका म्हणावं, असं माझ्या रोज मनात येतं... आणि रोज मी फोन उचलून परत ठेवतो.